तंबूच्या दाराशी उभ्या बन्सीस

औरंगाबाद, २ नोव्हेंबर १९५३

बन्सी,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. पाच वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस. आशीर्वादानं सुरुवात केली तर तू पुढं वाचणारच नाहीस, अशी धास्ती वाटली. खोडलेलं उजेडाकडं धरलंस तर दिसेल.

तू पलटणीत आहेस एवढं ठाऊक होतं. कोरियात आहेस हे मला शहागंजच्या वाचनालयात कळलं. मुलाचा मुलूख बापाला वाचनालयात कळावा! निजामुद्दीनमियाँनी तुझं पाकीट टेबलावर ठेवलं होतं. शिक्के परके, पण अक्षर मी लांबूनच ओळखलं. तुझा 'र' अजून तसाच आहे, पाय दुमडून बसल्यासारखा. त्या 'र'साठी मी तुला किती छड्या दिल्या, ते जाऊ दे.

पाकिटात चिठ्ठी होती, मियाँच्या नावानं. इथल्या कैद्यांवर पहारा करायला आमची पलटण आलीय, लढायला नाही, बाजारात हे पोरांचं पहिलीचं पुस्तक मिळालं, वाचनालयाला माझ्याकडून, पुस्तक बाहेर देऊ नये. हे शेवटचं वाक्य तू माझ्यासाठीच लिहिलंस ना?

मी म्हटलं, "मियाँ, एक दिवस घरी नेतो. त्याच्या मायला अक्षर दाखवतो."

"नाही मास्तर. बन्सीनं लिहिलंय."

"मी काय चोर आहे?"

"चोर असता तर दिलं असतं. चोर एखादवेळी परत तरी करतो. तुम्ही बाप आहात."

म्हणून मी आता रोज सकाळी तिथं जाऊन बसतो. खिडकीखालचं बाक तुला आठवत असेल, ऊन आधी तिथंच येतं. काठीला अडकवलेले पेपर भिंतीवर तसेच लोंबतात, उर्दूचे डावीकडं, मराठीचे उजवीकडं. नोकरीत असताना मला इथं बसायला कधी सवड झाली नाही. आता दहा वाजेपर्यंत बाकावर ऊन, हातात पुस्तक, शेजारी कुणीतरी पेपर वाचता वाचता पेंगतोय. सुख म्हणजे काय याचा मी मुलांना निबंध घालत होतो, तो सगळा चुकीचा तपासला.

पहिल्या आठ पानांवर तू पेन्सिलीनं उच्चार लिहिलेत. झाडाचं चित्र आणि खाली 'नामु'. डोंगर, 'सान'. बाई उभी आहे, 'ओमोनी'. काठी घेतलेला म्हातारा, 'आबोजी'. मी तर हसलोच. आपल्या गल्लीत तीन आबाजी आहेत. आणि ती लिपी, बन्सी! व्यंजनाच्या कुशीत स्वर बसवलेला, एकेक अक्षर चौरस. ही तर बाराखडीच, फक्त एकावर एक रचलेली. मी चार दिवसांत पाच ओळी गिरवल्या.

आणि तो सुटा कागद. कुणीतरी शाईनं लिहिलेल्या चार ओळी, खाली तुझा उच्चार:

*बाराम-आ, बाराम-आ,*
*सान नोमो बाराम-आ,*
*उरी जिप मादांगे*
*गा बोआन्नी?*

अर्थ नाही दिलास. मुद्दाम? माझं काही अडलं नाही. मला उर्दू शिकवणारे मौलवीसाहेब म्हणायचे, शेर आधी तोंडात घे, अर्थ मागू नको. अर्थ जावयासारखा असतो, बोलावलं की रुसतो, आपला आपण आला की जेवून जातो. आठव्या वर्षी घोकलेल्या ओळीचा अर्थ मला चाळिसाव्या वर्षी, पैठणच्या रस्त्यावर टांग्यात बसलेलो असताना आला. तेव्हा मी हेही पाठ करतोय. भिंतीवर 'बोलू नये' अशी पाटी आहे, म्हणून ओठांत.

पेपरात आलंय की कैदी दंगा करतात, हिंदी पहारेकऱ्यांवर दगड येतात. बातमी तिसऱ्या पानावर होती. मी ती चार वेळा वाचली आणि मग काठी भिंतीला उलटी टांगली, म्हणजे दुसऱ्या कुणी मोठ्यानं वाचू नये. तू बरा आहेस एवढं तरी मियाँना लिही. मला नको.

त्या तुरुंगाच्या कागदाबद्दल मी इथं काही लिहीत नाही. मी फक्त भाषा नीट केली होती, एवढंच म्हणतो.

बद्रीनाथ

औरंगाबाद, २२ नोव्हेंबर १९५३

बन्सी,

मियाँना तुझं पत्र आलं. त्यांनी मला वाचायला दिलं नाही, वाचून दाखवलं. त्यातही मध्ये दोनदा थांबून ओळी गाळल्या. मला कळतं. मीही वर्गात पुस्तक वाचताना काही ओळी गाळायचो.

तू धड आहेस हे ऐकून मी आधी पाणी प्यालो.

मग ते तंबू. तू लिहिलंस तसं मी डोळ्यांपुढं आणतो. कैद्याला एकेक करून तंबूत आणतात. त्याच्या मुलखाची माणसं समोर बसतात आणि समजावतात: घरी चल, तुला कुणी काही करणार नाही, म्हातारी वाट बघतेय. मागं दोन दारं. एका दारातून गेला तर घरी, दुसऱ्यातून गेला तर परत कधी नाही. आणि तू दाराशी उभा, हातात काठी. तुला काही बोलायचं नाही. माणूस समजावणाऱ्यांवर थुंकला तरी नाही, रडला तरी नाही.

कविता लिहून देणारा त्यांतलाच. शाळामास्तर होता, माझ्यासारखा. ओळी त्यानंच केल्या. तू अर्थ दिलास: वाऱ्या रे वाऱ्या, डोंगरापल्याडच्या वाऱ्या, आमच्या घरच्या अंगणात जाऊन आलास का?

खरं सांगू? मला वाटलं होतं लढाईचं गाणं असेल. फकिरा टांगेवाला, जो रोज पेपर ऐकायला येतो, त्यानं माझ्या तोंडून ऐकून ऐकून ते उचललंय. म्हणतो, "मास्तर, ह्ये घोड्याला लई पटतंय. 'बाराम-आ' म्हनलं की चाबूक नाय लागत." अर्थ सांगितल्यावर म्हणाला, "मंग आता घोड्यापुढं नाय म्हननार."

पण पुढचं ऐकून माझा तोल गेला. ह्या मास्तरानं तंबूत 'नाही' म्हटलं. दुसऱ्या दारातून गेला. मी मोठ्यानं म्हणालो, पाटीखालीच, "हा कसला कवी? अंगण आठवतं आणि जात नाही? खोटी कविता आहे ही."

मियाँनी चष्मा काढला. म्हणाले, "हबीब माझा सख्खा भाऊ. कराचीला जाऊन पाच वर्षं झाली. दर ईदला लिहितो, पाणचक्कीचं पाणी कसं पडतं, चिंच आहे का तोडली. येतो का? नाही येत. मग मी काय म्हणू, खोटं लिहितो?"

 मी पुस्तक उघडून 'नामु' गिरवत बसलो. पण बन्सी, हे तू मला सांगतोयस की मियाँना? गाळलेल्या दोन ओळींत काय होतं? माझी झोप त्या दोन ओळींनी नेली आहे.

बद्रीनाथ

औरंगाबाद, १४ डिसेंबर १९५३

बन्सी,

त्या ओळी कळल्या. मी इतका मागं लागलो की मियाँनी शेवटी कागदच पुढं केला. "घ्या मास्तर, तुमचं तुम्ही वाचा, मला पाप नको."

'फेब्रुवारीत बोट मद्रासला लागेल. दोन महिन्यांची सुट्टी आहे. औरंगाबादला येणार नाही, छावणीतच राहीन. बाबांना सांगायचं तर सांगा. मायला सांगू नका.'

मी तिला सांगितलं नाही. तुझं एवढं ऐकलं.

तेव्हा आता तो कागद. ४८ साली तू निजामाविरुद्धच्या आंदोलनात पकडला गेलास, एकोणीस वर्षांचा. माफीनामा दिला की सोडत होते. तू देणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तुझी माय अन्नाला शिवत नव्हती. मी उर्दूत माफीनामा लिहिला. 'भाषा नीट केली' असं मी मागं लिहिलं, ते बरोबर नाही, कारण नीट करायला आधी काही नव्हतंच. सगळा मीच लिहिला. शेवटी दोन ओळींचा एक शेर घातला, माझाच, वाट चुकलेल्या पाखराचा. तुरुंगाच्या साहेबाला तो इतका आवडला की त्यानं अख्ख्या अंगणात, साठ-सत्तर कैद्यांसमोर, मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, पाहा, बन्सी नावाच्या या मुलानं किती सुरेख माफी मागितली आहे. तू तिथंच उभा होतास. तू तो कागद आधी पाहिलाच नव्हतास.

सही कुणी केली होती, तू की मी, ते आता मला नीटसं आठवत नाही.

तुझ्या मायची तब्येत नाजूक आहे. मी मुद्दाम सांगत नव्हतो. खोकला आहे, चालताना धाप लागते, तोंडाला चव नाही. मी काही म्हणत नाही, तुझं तू ठरव. पण वय झालं तिचं.

तोंडाची चव म्हणजे, परवा दौलताबादला सरूबाईकडं गेली आणि येताना पेरूंची पाटी घेऊन आली. मोटारवाल्यानं पाटीचे जादा पैसे मागितले तर खाली उतरली आणि मिटमिट्यापर्यंत चालत आली, पाटी डोक्यावर. तिथं दुसऱ्या मोटारवाल्याशी भांडून बसली. त्यातले सहा पेरू मी वाचनालयात नेले. मियाँनी पुस्तकाला हात लावण्याआधी सगळ्यांचे हात धुवून घेतले.

गुलमंडीवरून येताना तार कचेरीत सहज डोकावलो होतो. जुना कुणी विद्यार्थी भेटतो का बघावं म्हणून. दुसरं काही नाही.

तुमच्याकडं थंडी फार आहे असं पेपरात आहे. पाण्याचं भांडं रात्रीत फुटतं म्हणे. पायांना तेल लावत जा. बोटं काळी पडली तर लगेच दाखव. मला दिवसातून दहा वेळा तुझे पाय दिसतात, लहानपणचे, वाचनालयाच्या पायरीवर टाच घासणारे.

मी आता पुस्तकाची चौदा पानं वाचतो. तुझी पेन्सिल संपते तिथून पुढं माझं मी चालतो. एका पानावर एक घर आहे, दार उघडं, आत कुणी नाही. खालची ओळ मला लागत नाही.

बद्रीनाथ

औरंगाबाद, ९ जानेवारी १९५४

बन्सी,

हे पत्र आधीच्या पत्रांच्या आधी पोचलं असतं तर बरं झालं असतं. छातीत दुपारपासून कुणीतरी कुळीथ भरडतंय. म्हणून जसं झालं तसं लिहितो.

आज दुपारी सायकल दारात थांबली. महसुलाचा गिरदावर. अंगात कोट, काखेत कागद. म्हणाला, "मास्तरसाब, पहचाना? मी कय्युम. तुम्ही मला कवितेसाठी बाकावर उभं केलं होतं."

"कुठल्या कवितेसाठी?"

"सगळ्याच." तो हसला. मग कागद काढला. "बन्सीच्या पलटणीकडून कलेक्टर कचेरीत चौकशी आली. तिथून तहसिलीत, तिथून माझ्याकडं. अम्मा सख्त आजारी आहेत म्हणून तार गेली आहे ना? कितपत आजारी, उठता-बसता येतं का, बघून लिहायचंय. कुठं आहेत अम्मा?"

तार मी केली होती. १४ डिसेंबरच्या पत्रात ज्याला सहज डोकावणं म्हटलं, तेच. 'मी अत्यवस्थ, बन्सीला पाठवा.' खाली नाव तुझ्या मायचं घातलं, कारण माझ्या नावावर तू येणार नव्हतास.

मी कय्युमला म्हणालो, "आत आहे, पडून आहे, झोप लागलीय." आणि तेवढ्यात ती दारातून आली. चक्कीवरून. डोक्यावर दळणाचा डबा, पदर कमरेला, पिठानं पांढरी. तोंडभर हसून म्हणाली, "कोन हो? कय्युम का रं? लई मोठा साहेब झाला! बस, च्या टाकते."

कय्युम एकदा तिच्याकडं बघतो, एकदा माझ्याकडं. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणालो, "आत जाऊन जरा आडवी हो."

"का? मी काय म्हैस हाय, बस म्हनलं की बसायला?"

"अगं, हळू."

"कशाला हळू? काय लपवताव, मास्तर?"

मी ओशाळून उभा. शेवटी कय्युमनंच सांगितलं, खाली बघत. "अम्मा, तुमच्या नावानं तार आहे. तुम्ही आजारी आहात, बन्सीला पाठवा अशी."

तिनं डबा उतरवला. झाकण नीट बसवलं. मग खाली बसली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या नावानं तार केली. मला इचारलं व्हतं?"

"तुझ्यासाठीच केली मनकर्णे. तो येणार नाही म्हणालाय. मद्रासलाच राहणार. तुला सांगू नका म्हणाला."

हे मी तिला असं, परक्या माणसासमोर सांगितलं. तिनं पिठाचे हात बराच वेळ पदराला पुसले. मग म्हणाली, "त्या वक्ताला बी त्याच्यासाठीच केलं व्हतं ना तुमी?"

कय्युमनं चहा घेतला नाही. मला बाहेर ओट्यावर बोलावलं. "मास्तरसाब, मी तुमचा विद्यार्थी आहे. म्हणाल ते लिहितो. बुखार आहे, पलंगावरून उठता येत नाही, असं लिहिलं तर बोट लागताच बन्सीला थेट घरी पाठवतील, त्याला नाही म्हणता येणार नाही. खरं लिहिलं तर तो कुठंही जाईल. आणि वरून पलटणीत म्हणतील, या पोरानं सुट्टीसाठी घरून खोटी तार मागवली. बदनामी त्याची होईल. उद्या दुपारी मी वाचनालयात येतो. तोपर्यंत कागद कोरा ठेवतो."

तो गेला. तुझ्या मायनं भाकरी वाढली आणि उठून गेली. 

बन्सी, सगळा रस्ता मला दिसतो. मी एक मान हलवली की तू फेब्रुवारीत या ओट्यावर आहेस. रागावशील, पण असशील. आणि नाही हलवली तर एकदा साठ जणांपुढं तुला मान खाली घालायला लावली तशी आता अख्ख्या पलटणीपुढं, आणि तूही येणार नाहीस. दोन्हीकडून मीच दिसतो.

म्हणून जे मी दोनदा चुकवलं ते आता लिहून टाकतो. सही मी केली होती. मला आठवतं. मराठी सहीत आडनावातला तुझा 'र' जमेना म्हणून रद्दीवर अकरा वेळा गिरवला आणि मग केली. माय जेवत नव्हती हे खरं नाही. ती जेवत होती, म्हणायची, पोरगं कैदेत हाय, मेलं नाय, मला जगलं पायजे. भीती मला होती. सरकारी शाळेची नोकरी, आणि तू सरकारच्या तुरुंगात. हेडमास्तरांनी मला दोनदा बोलावून घेतलं होतं.

आणखी एक. साहेबानं शेर वाचला तेव्हा मी तुरुंगाच्या फाटकाशी होतो. आतून आवाज येत होता. कुणीतरी 'वाह' म्हणालं. मला तेव्हा लाज वाटली नाही, बन्सी. मला बरं वाटलं. माझ्या ओळीला दाद मिळाली होती. तू बाहेर येऊन माझ्याकडं न बघता सरळ गेलास, आणि मी मनात ती ओळ पुन्हा म्हणत होतो.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

बद्रीनाथ

औरंगाबाद, १० जानेवारी १९५४, वाचनालय

बन्सी,

सकाळी दार उघडायच्या आधीच इथं आलो. मियाँ कुलूप काढत होते. म्हणाले, "आज बाराम नाही का मास्तर?" मी म्हणालो, आज कागद आणि दौत द्या.

उर्दूतच लिहिलं. पलटणीच्या साहेबाच्या नावानं.

'तार मी केली. माझी पत्नी निरोगी आहे. तिच्या नावाचा वापर मी तिला न विचारता केला. माझ्या मुलाला या तारेची काही खबर नव्हती आणि त्यानं ती मागवली नव्हती. दोष फक्त माझा आहे. मी माफी मागतो. बद्रीनाथ, निवृत्त शिक्षक, औरंगाबाद.'

मियाँनी वाचला. उलटा करून मागं पाहिलं. "बस? पुढं काही नाही?"

"नाही."

"साठ वर्षांत पहिल्यांदाच," म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं शाई टिपली.

कय्युम बारा वाजता आला. मी म्हणालो, जे पाहिलंस ते लिही, आणि हा कागद त्याला जोड. त्यानं वाचला आणि दोनदा विचारलं, "मास्तरसाब, पक्का? बेटा नही आया तो?" मी म्हणालो, नाही आला तर नाही. असं म्हणताना माझा आवाज कसा होता ते फकिराला विचार, तो पेपर ऐकायचा सोडून माझ्याकडं बघत होता. कय्युमनं मग तिथंच टेबलावर लिहिलं: 'समक्ष पाहिले. प्रकृती उत्तम. डोक्यावर दळणाचा डबा घेऊन चालत आल्या.' सायकल घेऊन गेला. मी दारापर्यंत मागं गेलो. त्याला हाक मारावी असं शहागंजच्या घड्याळापर्यंत वाटत होतं.

आता भीती कमी झाली असं म्हणणार होतो, पण नाही झाली. मी ज्या मास्तराला खोटा म्हणालो, त्याची ओळ आज सकाळी कितीदा तरी तोंडात आली. तो अंगणाबद्दल विचारतो आणि जात नाही, हे मला अजून पटत नाही. पण त्याला तसं विचारू द्यायला हवं, एवढं पटलंय.

घरी गेलो. तिला सांगितलं, कागद दिला. ती म्हणाली, "मंग आता माझं लिवा." आणि मला धरून इथं घेऊन आली. ती आयुष्यात पहिल्यांदा या वाचनालयात आलीय. बायका इथं येत नाहीत. मियाँनी खुर्ची दिली तर खाली बसली, म्हणाली, खुर्चीवरून बोलता येत नाय. ती सांगतेय आणि मी लिहितोय. 'इचारलं' तिथं माझा हात 'विचारलं'कडं वळला, तर तिनं बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही, तरी कळलं. खाली जे आहे ते सगळं तिचं आहे.

*बन्स्या, मी तुझी माय. मास्तर लिवतोय, मी सांगतीय. मी आजारी नाय. खोकला व्हता त्यो दिवाळीतच गेला. पेरू खाल्ले, भाकरी खाते, चितेगावच्या बाजारला चालत जाते. गुडघा दुखतो, त्यो तुझ्या जलमाच्या आधीपास्नं दुखतो.*

*तू येनार नाय म्हनतो, ते काल कळलं. मला वाईट वाटलं. रडले बी. पन ते माझं हाय, तुला त्याचं काय करायचं नाय. तुला यायचं असंल तर ये. नसंल यायचं तर नको येऊ. कुनी बोलावलं म्हनून नको येऊ. मी मेले म्हनून तर बिलकूल नको येऊ, मंग काय बघायला येतो? मी हाय तवर कवाबी ये.*

*बापाशी बोलायचं का नाय ते तू बघ. मी मधी पडनार नाय. मी पाच वर्सं त्याच्याशी बोलते, मलाच लई झालं.*

*तुज्या मुलखात थंडी लई हाय म्हनतात. मी गोधडी शिवतीय. तू आला तर हितं देईन, नाय आला तर पोष्टानं धाडीन. तवा पत्ता तरी नीट लिव, ह्या निजामुद्दीन मियाँला लिव, मला वाचून दावतील.*

*मास्तर इचारतोय आनखी काय लिहू. मी म्हनलं बास. म्हनलं, आता समदं वाचून दावा. त्यानं वाचलं. मी बोलले तसंच हाय, कमी नाय, जास्त नाय.*

*मियाँ शाई देतायत. मास्तर म्हनतोय, नाव मी लिहू का तुझं. मी म्हनलं, नको. ह्यो खाली अंगठा हाय, त्यो माझा.*